मौताम : अठ्ठेचाळीस वर्षांचा फुलोरा आणि उंदरांचा एक हंगाम

१९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात मिझो जिल्हा परिषदेने एक ठराव केला. तेव्हा मिझो डोंगर आसाम राज्याचा एक जिल्हा होता. लवकरच डोंगरातला ‘मौ’ बांबू फुलणार, त्यामागून उंदीर वाढणार आणि भाताचे पीक हातचे जाणार, तेव्हा आगाऊ तयारीसाठी १५ लाख रुपये मंजूर करावेत, अशी मागणी त्या ठरावात होती. राज्य सरकारने ती आदिवासींची भाबडी समजूत मानून बाजूला ठेवली. १९५९ मध्ये बांबू फुलला, उंदीर वाढले आणि पीक गेले. उपासमारीत मदत पोहोचवण्यासाठी लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट ही संघटना उभी राहिली. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी तिने नावातून ‘फॅमिन’ हा शब्द काढला आणि ती मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ चे सशस्त्र बंड, ५ मार्च १९६६ रोजी ऐझॉलवर झालेला हवाई हल्ला, ३० जून १९८६ चा शांतता करार आणि १९८७ मध्ये मिळालेला राज्याचा दर्जा हा पुढचा इतिहास राजकारणाच्या पुस्तकांत सापडतो. त्याच्या मुळाशी असलेली घटना मात्र परिस्थितिकीची आहे, आणि तिचा विचार त्याच शास्त्राच्या रीतीने व्हायला हवा.

या घटनेला मिझो भाषेत ‘मौताम’ म्हणतात. मौ म्हणजे मेलोकॅना बॅक्सिफेरा हा बांबू आणि ताम म्हणजे सरसकट मरणे. नावातच निरीक्षण आहे, कारण हा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे देऊन मरतो. मौताम १९११-१२ मध्ये आली, १९५९ मध्ये आली आणि २००७ च्या आसपास पुन्हा आली. त्याआधीची मौताम १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला येऊन गेल्याचे वृद्धांच्या आठवणींतून नोंदले गेले आहे. अंतर दरवेळी सुमारे ४८ वर्षांचे राहिले. यांच्या अधेमधे ‘थिंगताम’ नावाची दुसरी, तुलनेने सौम्य आपत्ती येते. ती बांबुसा तुल्डा या वेगळ्या बांबूच्या फुलोऱ्याशी जोडलेली असून १९२९-३० आणि १९७७ ही तिची वर्षे आहेत. म्हणजे मौतामनंतर साधारण १८ वर्षांनी थिंगताम आणि थिंगतामनंतर ३० वर्षांनी मौताम, असा दुहेरी आकृतिबंध मिझो लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळला.

प्रस्तुत अभ्यास प्रामुख्याने २००४ ते २००९ या काळातील मौतामचा आहे. या वेळी घटनेची पूर्वसूचना होती, सरकारी तयारी होती आणि शास्त्रज्ञांचे डोळेही तिच्याकडे लागलेले होते. तरीही पीक गेले. असे का झाले, हा येथील मुख्य प्रश्न आहे. ‘बांबू फुलला की दुष्काळ’ हे वाक्य एकच आकृतिबंध सांगते असे वरवर वाटते. माझ्या मते त्यात दोन आहेत. पहिला बांबूच्या फुलोऱ्याचा आणि दुसरा उंदरांच्या लोंढ्याचा. पहिला जवळजवळ घड्याळासारखा नियमित आहे, दुसरा तसा नाही, आणि हा फरक नजरेआड झाला की तयारी चुकीच्या ठिकाणी केंद्रित होते.

घड्याळ किती पक्के आहे

संख्याशास्त्राच्या काटेकोर नजरेने पाहिले तर येथे पुरावा तुटपुंजा वाटेल. विश्वसनीय नोंदी असलेली आवर्तने तीन, आणि चौथे केवळ आठवणींवर आधारलेले. तीन बिंदूंवरून आवर्तन सांगणाऱ्या विद्यार्थ्याला कोणताही परीक्षक थांबवील. १९५८ मध्ये ठराव नाकारणाऱ्यांच्या मनातही असाच काही विचार असू शकेल. परंतु या तीन बिंदूंचे वजन नुसत्या मोजणीने ठरत नाही. प्रत्येक वेळी फुललेला प्रदेश एखाद्या टेकडीपुरता नव्हता. मिझोरम राज्याचेच क्षेत्रफळ २१,०८१ चौरस किलोमीटर आहे, आणि मौ बांबूचा पट्टा त्याच्याही पलीकडे त्रिपुरा, मणिपूर, दक्षिण आसाम, बांगलादेशातील चितगाव डोंगर आणि म्यानमारमधील चिन व राखाइन या प्रदेशांत पसरलेला आहे. एवढ्या विस्तारातील असंख्य बेटे थोड्याच वर्षांच्या अंतरात फुलतात, हे केवळ योगायोगाने घडणे शक्य नाही.

हवामान हे कारण असते तर दूर नेऊन लावलेल्या बांबूने वेळ पाळली नसती. केरळमधील पालोडे येथील वनस्पती उद्यानात ईशान्येकडून नेलेला मौ बांबू लावलेला होता. तेथील पाऊस, उंची आणि माती निराळी असूनही तो २००९ च्या सुमारास फुलू लागला. दोन-तीन वर्षांचा फरक पडला, पण ४८ वर्षांच्या मापात तो लहान आहे. वेळेची मोजणी वनस्पतीच्या आतच होते, बाहेरच्या ऋतूंचा तिच्यावर फार तर थोडाफार प्रभाव पडतो, हा निष्कर्ष त्यामुळे बळकट होतो.

इतका दीर्घ आणि एकसमयी फुलोरा कशासाठी, याचे सर्वांत प्रभावी उत्तर अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये दिले. त्यांच्या मते बी खाणाऱ्या प्राण्यांना एकाच वेळी इतके खाद्य मिळते की ते सारे संपवूच शकत नाहीत, आणि उरलेल्या बियांतून पुढची पिढी उगवते. जो बांबू एकटाच आधी किंवा नंतर फुलेल त्याचे सारे बी फस्त होईल, त्यामुळे वेळ न पाळणाऱ्यांचा वंश मागे पडतो. हा विचार एकसमयीपणाचे कारण सांगतो, पण अंतर नेमके ४८ वर्षांचेच का, हे सांगत नाही. त्यासाठी २०१५ मध्ये कार्ल व्हेलर, मार्टिन नोवाक आणि चार्ल्स डेव्हिस यांनी एक कल्पना मांडली. मूळच्या लहान आवर्तनाला उत्क्रांतीच्या ओघात दोन, तीन अशा लहान अंकांनी गुणले गेले असावे, कारण दुप्पट किंवा तिप्पट आवर्तनाचा बांबू जेव्हा फुलतो तेव्हा जुन्या आवर्तनाचे सोबतीही फुलत असतात आणि त्याचे बी एकटे पडत नाही. चीन व जपानमधील फिलोस्टॅकिस बांबुसॉइडिस या बांबूचे १२० वर्षांचे आवर्तन तीन, पाच आणि तीनदा दोन यांच्या गुणाकारात बसते. आपला ४८ हा आकडाही दोनाचा चौथा घात गुणिले तीन असा फुटतो. एका आकड्याची अशी फोड करून काही सिद्ध होत नाही, याची जाणीव मला आहे. परंतु ज्या प्रश्नापुढे जॅन्झन यांचा विचार थांबतो तेथून हा पुढे जातो.

येथपर्यंतचा आकृतिबंध भक्कम आहे. २००७ चे वर्ष अनेक दशके आधी सांगता आले ते त्याच्या बळावर.

उंदरांचा हिशेब

मौचे फळ इतर बहुतेक बांबूंच्या बियांसारखे गव्हा-तांदळाच्या दाण्याएवढे नसते. ते मांसल, नासपतीच्या आकाराचे असते आणि त्याचे वजन शंभर ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. एका रात्री एका उंदराचे पोट भरायला असे एक फळ पुरेसे होते. डोंगरउतारावर अशा फळांचा थर पडला की त्या वर्षी जंगलातल्या उंदरांना अन्नाची टंचाई उरत नाही.

लोकांत आणि वृत्तपत्रांतही असे सांगितले जाते की, या फळातील एखाद्या द्रव्यामुळे उंदरांची प्रजननशक्ती वाढते. या स्पष्टीकरणाची गरज आहे का, हे आधी तपासावे. काळ्या उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो, एका वेतात सहा ते आठ पिले होतात आणि पिले सुमारे तीन महिन्यांत वयात येतात. आता केवळ कागदावरचा एक हिशेब मांडू. एका जोडीपासून सुरुवात करू. दर महिन्याला सहा पिले, त्यांतील निम्म्या माद्या, प्रत्येक मादीचे पहिले वेत तिच्या वयाच्या चौथ्या महिन्यात, आणि मृत्यू एकही नाही, असे धरू. चार महिन्यांनी उंदरांची संख्या २६ होते. सहा महिन्यांनी ती ९२ होते आणि आठ महिन्यांनी २३०. प्रत्यक्षात मृत्यू असतात आणि संख्या याहून बरीच कमी राहते, परंतु हिशेबाचा रोख बदलत नाही. वेतातील पिलांची संख्या तीच ठेवून खाद्याचा काळ चारावरून आठ महिन्यांवर नेला की उंदीर जवळजवळ नऊपट होतात. सामान्य वर्षी जंगलातल्या उंदरांचे प्रजनन खाद्याच्या मोसमापुरते चालते आणि मग थांबते. मौतामच्या वर्षी ते थांबत नाही. त्या फळांत कोणतेही गूढ द्रव्य नसले तरी एवढ्याने लोंढा तयार होतो. पालोडे येथील फळांच्या तपासणीतही प्रथिनांचे भांडार आढळले नाही, त्यांत साखरेचे प्रमाण मोठे होते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला या प्रकरणाचा गाभा वाटते. खाद्याचा काळ किती लांबतो हे एका टेकडीवरच्या फुलोऱ्यावर ठरत नाही. २००७ हे वर्ष मौतामचे म्हणून ओळखले जाते, पण फुलोरा प्रत्यक्षात २००४-०५ पासून तुरळक दिसू लागला होता, २००६ ते २००८ या काळात त्याने मोठे क्षेत्र व्यापले आणि काही भागांत तो २००९ पर्यंत चालला. तो लाटेसारखा सरकत गेला. सारा बांबू एकाच महिन्यात फळला असता तर जॅन्झन यांच्या विचाराप्रमाणे खाणारे तृप्त होऊन बी उरले असते आणि उंदरांना फार थोड्या पिढ्या काढायला वेळ मिळाला असता. लाट सरकती असल्यामुळे एका उतारावरचे खाद्य संपत आले की शेजारच्या उतारावर ते सुरू झालेले असते. ज्या गावांच्या चारी बाजूंनी फुलोरा आगेमागे आला तेथे धोका मोठा, आणि ज्या गावाभोवती तो एकदमच येऊन गेला तेथे तुलनेने कमी, असे या तर्कावरून दिसायला हवे. मौतामचे नुकसान सर्वत्र सारखे नव्हते. एका गावात संपूर्ण पीक गेले आणि थोड्या अंतरावरच्या गावात बरेचसे वाचले, असे ठिपक्याठिपक्यांचे चित्र होते. ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ केन ॲप्लिन आणि मिझोरमच्या कृषी खात्यातील जेम्स लालसियामलियाना यांनी या मौतामचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला आहे. पुढील अभ्यासकाला सुरुवात तेथूनच करावी लागेल.

फळ आणि भात यांच्यामधली फट

उंदीर वाढले म्हणून भात जातेच असे नाही. जंगलात खाद्य असेतो ते जंगलातच राहतात. येथे मौच्या फळाचा दुसरा गुण महत्त्वाचा ठरतो. या फळाला सुप्तावस्था नसते. ते कधी कधी झाडावर असतानाच अंकुरते आणि पावसाळा सुरू झाला की जमिनीवर पडलेली फळे एकामागून एक रुजू लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडाशी खच पडलेले खाद्य पावसाळ्याच्या उत्तरार्धात रोपे होऊन बसते. उंदरांच्या दृष्टीने कोठार आठवड्याभरात रिकामे व्हावे तसे होते, आणि नेमक्या त्याच सुमारास डोंगरउतारावरच्या झूम शेतात भाताच्या ओंब्या भरू लागलेल्या असतात.

झूम म्हणजे आपल्याकडे सह्याद्रीत जिला कुमरी म्हणत तीच फिरती शेती. जंगलाचा तुकडा तोडून, मार्चच्या आसपास जाळून, एप्रिल-मेमध्ये त्यात भात, मका, भोपळा, मिरची असे मिश्र बियाणे टोबतात आणि शरद ऋतूत काढणी करतात. ही शेते सलग नसतात. बांबूच्या वनात एकेक शेत बेटासारखे असते आणि त्याच्या चारी कडा जंगलाला लागलेल्या असतात. उपाशी उंदरांना यापेक्षा सोयीची मांडणी असू शकत नाही. एका रात्रीत उभे शेत गेल्याच्या हकिकती मिझोरमच्या गावागावांत ऐकायला मिळतात, आणि वरच्या हिशेबानंतर त्या अतिशयोक्त वाटत नाहीत.

म्हणजे दुष्काळ येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. फळांचा काळ पुरेसा लांबला पाहिजे, तो ओंब्या भरण्याच्या थोडा आधी संपला पाहिजे आणि शेते जंगलात मिसळलेली असली पाहिजेत. मिझो डोंगरात हे तिन्ही जुळते, म्हणून मौताम दुष्काळच आणते.

यांतील कडी तुटली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. १८६४ मध्ये कॅनरा जिल्ह्यातल्या सुपा येथील जंगलात बांबूला सार्वत्रिक फुलोरा आला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतून सुमारे ५०,००० माणसे ते बी गोळा करायला आली, असा तत्कालीन अंदाज नोंदलेला आहे. एकेक टोळी दहा-चौदा दिवस जंगलात राहून पावसाळ्यापुरते धान्य आणि थोडे विकण्यासाठी घेऊन गेली. तेथील बांबूचे बी लहान, कोरडे आणि तांदळासारखे शिजवून खाता येणारे असल्यामुळे माणसांनी ते पोत्यांत भरून नेले. मौचे रसदार फळ असे साठवता येत नाही. फुलोरा दोन्हीकडे आला, पण सुप्यात तो बेगमी घेऊन आला आणि मिझो डोंगरात भूक. कोकणात आणि विदर्भात आजही बांबू फुलणे अशुभ मानणारी माणसे भेटतात. ती समजूत चुकीची ठरवण्यापेक्षा बी कोणत्या जातीचे आहे, ते कधी गळते आणि जवळ कोणते पीक उभे आहे, असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. आपल्याकडची कारवीही सुमारे आठ वर्षांनी डोंगरभर एकदम फुलते, बी टाकून मरते, आणि तिच्यामागून कोणी उपाशी राहत नाही. मधमाश्यांना मात्र त्या वर्षी सुगी असते.

२००४ नंतरची तयारी

मिझोरम सरकारने या वेळी ‘बाफाकोस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी, बांबूचा फुलोरा व दुष्काळ यांच्याशी लढण्याची योजना हाती घेतली. सत्तेवर तेव्हा मिझो नॅशनल फ्रंटच होता आणि मुख्यमंत्री झोरामथंगा होते. मागच्या मौताममधून जन्मलेल्या पक्षावर पुढच्या मौतामची जबाबदारी आली, आणि १९५८ प्रमाणे हा इशारा कोणी अंधश्रद्धा म्हणून नाकारला नाही, हे मोठेच अंतर कापले गेले. उंदराच्या शेपटीमागे दोन रुपये बक्षीस देण्यात आले, उंदीर सहसा ज्यांना तोंड लावत नाहीत अशी आले आणि हळद ही पिके घेण्याचा सल्ला शेतकऱ्यांना मिळाला, फुलण्यापूर्वी बांबू तोडून वापरात आणण्याचे प्रयत्न झाले आणि बाहेरून तांदूळ आणण्याची व्यवस्था झाली.

यांतील शेपट्यांच्या बक्षिसाबद्दल मला शंका आहे. लाखो शेपट्या गोळा झाल्या तरी महिन्यामागून महिना वेते होत असताना मारलेल्या उंदरांची जागा लवकर भरून निघते. उंदीर मारायचे तर ते फळे गळायला लागण्याच्या आधी, संख्या कमी असताना मारायला हवेत. शेपट्या मात्र सर्वाधिक मिळतात त्या लोंढा आल्यावर. पीक बदलण्याचा सल्ला तत्त्वतः बरोबर होता, कारण तो फळ संपण्याच्या आणि ओंब्या भरण्याच्या जुळणीवरच घाव घालतो. परंतु आले-हळद खाऊन पोट भरत नाही. ती विकून तांदूळ घ्यायचा तर रस्ता आणि बाजार लागतो, आणि दूरच्या गावांना नेमका तोच नव्हता. लवकर तयार होणारे भात घेऊन उंदीर जंगलातून बाहेर पडण्याआधी काढणी उरकता आली असती का, आणि आजूबाजूच्या गावांनी एकाच आठवड्यात पेरणी केली असती तर हल्ला विभागला गेला असता का, या दोन प्रश्नांना मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. उंदरांच्या उपद्रवावर आशियातल्या भातशेतीत काम करणारे तज्ज्ञ एकाच वेळी पेरणी करण्याचा आग्रह अन्यत्रही धरतात.

तांदूळ बाहेरून आला, म्हणून १९५९ ची पुनरावृत्ती झाली नाही. सीमेपलीकडे चिन प्रदेशात बांबू तोच होता, उंदीर तेच होते आणि शेतीही तशीच होती, पण रस्ते आणि सरकारी पुरवठा नव्हता. तेथे भूक कितीतरी अधिक तीव्र झाली.

२००६ ते २००८ मध्ये पडलेल्या फळांतून उगवलेली बेटे आता मिझोरमच्या उतारांवर पूर्ण वाढलेली आहेत आणि ४८ वर्षांच्या हिशेबाने ती २०५५ च्या सुमारास फुलतील. थिंगतामचा हिशेब मात्र जवळचा आहे, तिचे वर्ष २०२५ च्या आसपास येते. थिंगतामच्या वर्षांत गावोगाव तीन तारखांची वही ठेवली गेली पाहिजे. पहिले बी कधी गळले, शेवटचे बी कधी रुजले आणि शेतातली पहिली ओंबी कधी दुधात आली. या तीन तारखा आणि त्या गावात वाचलेल्या भाताचे माप शेजारी शेजारी मांडले, तर लाट सरकती असण्याबद्दलचा वरचा तर्क खरा की खोटा, हे २०५५ ची वाट न पाहता ठरवता येईल.